अकरा नंबरची ओळ

"तुमची ही अकरा नंबरची ओळ चुकलीय, मॅडम."

मी मान वर केली. समोरच्या खुर्चीवर एक माणूस शांतपणे डोसा खात होता. मानपाडा रोडवरच्या त्या हॉटेलात दुपारी एक वाजता रिकामं टेबल मिळणं म्हणजे नशीबच, त्यामुळे "बसू का?" असं त्याने विचारलं होतं आणि मी न बघताच "बसा" म्हटलं होतं. माझा जीव माझ्यासमोर पसरलेल्या तक्त्यात अडकला होता. बावीस ओळी, सहा रकाने, आणि नेमका अकराव्या ओळीवर सांबाराचा एक थेंब.

"तुम्ही माझे कागद वाचताय?"

"उलटे वाचले. सरळ वाचले असते तर आधी विचारलं असतं."

"आणि चूक कुठे दिसली म्हणे तुम्हाला?"

"खाली टीप आहे ना, अकरा नंबर म्हणजे चौसष्ट माणसं, तीन पाळ्या, बाटल्यांची झाकणं. हा आमचाच कारखाना आहे. मी सुपरवायझर तिथला." त्याने रुमालाला हात पुसले. "विश्राम घाडी. आजोबांचं नाव ठेवलंय. हसायचं असेल तर हसून घ्या, सगळेच हसतात."

हसायच्या मनःस्थितीत मी नव्हतेच. बावीस मालकांना मी सहीनिशी लिहून दिलं होतं, की तुमच्या कारखान्याचं नाव कुठेही येणार नाही, फक्त नंबर येईल. आणि इथे एका परक्या माणसाने चटणी संपायच्या आत नंबर ओळखला होता! मी घाईघाईने तक्ता पालथा घातला.

"काय चुकलंय?" मी हळू आवाजात विचारलं.

"कागदावर बरोबर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे... कागदावर." तो हसला. वरच्या ओठाची एकच बाजू हसायची त्याची. मग तो उठला, गल्ल्यावर पैसे दिले आणि गेला. मी तिथेच बसून राहिले, माझी इडली गार होत राहिली आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

मी वल्लरी. वय अठ्ठावीस, राहणार डोंबिवली पूर्व, धंदा पीएच.डी. विषय असा की छोट्या कारखान्यांत काही ठिकाणी माणसं वर्षानुवर्षं टिकतात आणि काही ठिकाणी सहा महिन्यांत पळतात, ते का?

"पगार," आमचे अण्णा म्हणाले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, बँकेतून निवृत्त, आणि मतांच्या बाबतीत अजून पूर्णवेळ कामावर. "पगार कमी, की माणूस जातो. झालं! यात तीन वर्षं कसली घालवतेस?"

"अण्णा, पगार चांगला असूनही माणसं जातात ना."

"मग लांब पडत असेल."

"लांब असूनही राहतात."

"अगं, पण एक काय ते कारण सांग की!"

तिथेच तर घोडं अडतं. एक कारण नसतंच. आमटीतला गूळ एकटा चाखून आमटी कळत नाही, तसं आहे हे. पगार बेताचा, पण घर जवळ आणि नोकरी कायमची असेल, तर माणूस राहतो. किंवा घर लांब, पण कॅन्टीन चांगलं आणि पगार बरा, तरी राहतो. डोंबिवलीहून ठाण्याला माणकोलीच्या पुलावरून जा नाहीतर शीळफाट्यावरून, पोहोचायचं ठाण्यालाच. आणि यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे, राहण्याची कारणं उलटी केली की सोडण्याची कारणं मिळतात, असंही नाही. ती वेगळीच असतात. म्हणून मी प्रत्येक कारखान्याची एक ओळ करते, प्रत्येक कारणापुढे हो किंवा नाही लिहिते, शेवटच्या रकान्यात माणसं टिकतात की नाही ते लिहिते, आणि कुठल्या कुठल्या जोड्या जमतात ते बघते.

सगळं छान जमलं होतं. फक्त चार नंबर आणि अकरा नंबर भांडत होते. दोन्हीकडे पगार बेताचा, घरं लांब, कॅन्टीन नाही, नोकरी कायम नाही, वेळेची सवलत नाही. पाचही रकाने अगदी जुळ्या भावांसारखे. पण चार नंबरमधून माणसं सहा महिन्यांत जात होती आणि अकरा नंबरमध्ये नऊ-नऊ वर्षं राहिली होती.

"दोन सारख्या ओळी आणि दोन उलट निकाल," ठाण्याच्या कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक देवयानी मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या होत्या, "याचा अर्थ तुझा एक रकाना राहून गेलाय. जा, शोध. नवरात्रातल्या सोमवारी प्रबंध जमा करायचाय. नाही सापडला तर सिद्धांत लंगडा, हे लक्षात ठेव."

म्हणून मी अकरा नंबरला गेले. मालक महेंद्रशेठ. त्यांनी मला गुरुवारची दुपार दिली, कारण त्या दिवशी ते भिवंडीच्या गोदामावर जात आणि त्यांची केबिन रिकामी असे. केबिनच्या काचेतून मोल्डिंगची यंत्रं दिसत आणि त्यांच्यामधून सतत इकडून तिकडे धावणारा विश्राम घाडी दिसे. नाव विश्राम, पण माणूस एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ!

"तुम्ही नऊ वर्षं इथे का राहिलात?" पहिल्या गुरुवारी मी अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं.

"माझं उत्तर कुठल्या रकान्यात टाकणार?"

"ते मी बघते."

"आणि कुठल्याच रकान्यात मावलं नाही तर?"

"मावतं सगळं. तुम्ही बोला."

"मॅडम, तुम्ही कोपरीत कधी आलायत?"

"याचा इथे काय संबंध?"

"माझं घर कोपरीत. ठाण्याला पुष्कळ नोकऱ्या आहेत. मी उलटा डोंबिवलीला येतो, रोज, बाईकवर, शीळफाट्याची धूळ खात." तो काचेबाहेर बघत म्हणाला. "का येतो... मलाच नीट सांगता येत नाही. तुम्हाला कळलं तर मला सांगा हां."

हे उत्तर? यापुढे मी हो लिहू की नाही?

दुसऱ्या गुरुवारी त्याने मला तीन पाळ्यांचा छापील तक्ता दाखवला. पाळ्या ठरलेल्या, बदल नाही, खाली महेंद्रशेठची सही. वेळेची सवलत नाही ती नाहीच. "बघा, कागदावर बरोबर आहे," तो पुन्हा म्हणाला, आणि पुन्हा तसाच एका बाजूने हसला. मी चिडले. घरी येऊन मला आठवलं की चिडता चिडता मीही हसले होते. का?

तिसऱ्या गुरुवारी माझी धडधड सुरू झाली. मी संशोधक आहे, मी प्रामाणिकपणे तपासलं. आधी वाटलं, चहाने होत असेल. चहा न पिता गेले, तरी धडधड. मग वाटलं, यंत्रांच्या आवाजाने होत असेल. सात नंबरच्या कारखान्यात याहून मोठा आवाज होता, तिथे काही झालं नव्हतं. तो पाणी प्यायला आत आला. ग्लास माझ्यासमोर ठेवत म्हणाला, "आज निळा ड्रेस नाही?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. दोन गुरुवार निळा होता, म्हणून विचारलं. तुम्हीच म्हणता ना, बारीक नोंद ठेवावी."

"ती माणसांच्या टिकण्याबद्दल."

"मग मी कशाबद्दल बोलतोय?" असं म्हणून तो गेलासुद्धा! मी वहीत पाच मिनिटं नुसत्या रेघा मारत बसले.

चौथ्या गुरुवारी विश्राम एका यंत्राच्या दुरुस्तीत अडकला होता, म्हणून मी पॅकिंगमध्ये गेले. तिथे रंगूबाई झाकणं मोजून पिशव्या भरत होत्या. पन्नाशीच्या, मूळच्या साताऱ्याकडच्या, बोलताना हात थांबत नाहीत असं माणूस. मी माझे तेच प्रश्न काढले. पगार? बेताचा. घर? कल्याणच्या पलीकडं. कॅन्टीन? कसलं वो कॅन्टीन.

"मग तुम्ही इथे का टिकलात, रंगूबाई?"

"आता नातवाची शाळा सकाळची झाली, तर विश्रामभाऊंनी मला दुपारची पाळी दिली. सुनेची डुटी सुटली की मी निघती. दुसरीकडं कोन ऐकतंय ताई?"

मी पेन खाली ठेवलं. "पाळ्या तर बदलत नाहीत ना इथे?"

रंगूबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि मला स्टोअरच्या दाराआड नेलं. तिथे एक भिंतीवरची दिनदर्शिका होती, साधी, सण-एकादश्यांची. तिच्या प्रत्येक चौकोनात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरं होती. तानाजी, गावची जत्रा. शीला, सासूचं डोळ्याचं ऑपरेशन. मारुती, मुलीची दहावी. चौसष्ट माणसांचे संसार त्या चौकोनांत बसले होते. दर महिन्याच्या शेवटी विश्राम प्रत्येकाला विचारायचा, अदलाबदल जुळवायचा, आणि महिना संपला की सगळं खोडून टाकायचा. महेंद्रशेठना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या मते कारखाना त्यांच्या शिस्तीवर चालत होता.

सापडला! माझा राहिलेला रकाना मला सापडला होता. सवलत आहे की नाही, हा प्रश्नच चुकीचा होता. पाळी लावताना माणसाला विचारतात का, हा प्रश्न होता. आनंदाने मला रंगूबाईंना मिठी मारावीशी वाटली.

"आणि ह्ये बघा की," रंगूबाई हळूच म्हणाल्या. त्यांचं बोट गुरुवारांवरून खाली सरकत गेलं. चारही गुरुवारी लिहिलं होतं, विश्राम, दिवसपाळी. "नऊ वर्सांत भाऊंनी सोतासाठी पाळी बदलली न्हाई कवा. गुरुवारी त्येंची रातपाळी असती. ह्या म्हैन्यात काय झालंय, देव जाणे!" आणि त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की देवाला विचारायची गरज नव्हती.

मी त्या दिवशी विश्रामला न भेटताच पळाले. काय करावं ते कळेना. तो गुरुवारी माझ्यासाठी पाळी बदलतो, म्हणजे... म्हणजे काय? आणि बदलतो, तर मग हा माणूस चार आठवडे "कागदावर बरोबर आहे" म्हणत माझी गंमत का करतोय? आनंद होत होता, राग येत होता, आणि दोन्ही एकाच वेळी इतकं होत होतं की मी रिक्षावाल्याला आमची सोसायटी सांगायची सोडून कॉलेजचा पत्ता सांगितला. त्याने डोंबिवलीहून ठाण्याला यायला साफ नकार दिला.

रात्रभर विचार केल्यावर मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली. प्रबंधाची एक प्रत प्रत्येक मालकाला जाणार होती. महेंद्रशेठ आपली ओळ ओळखणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी लिहिलं, तर माझा सिद्धांत उभा राहणार आणि विश्रामची नोकरी जाणार. नाही लिहिलं, तर तीन वर्षांचं काम लंगडं. मी शुक्रवारी सकाळीच ठाण्याला गेले आणि देवयानी मॅडमना सांगितलं, "अकरा नंबर गाळते."

"कारण सापडलं नाही?"

"सापडलं. म्हणूनच गाळतेय."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझा निर्णय," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली निराशा मला सोसवली नाही. पण खरं सांगू? मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटत होता. कोणासाठी तरी काहीतरी सोडलं होतं मी. मी विश्रामला फोन केला आणि संध्याकाळी तलावपाळीला बोलावलं.

टेंभी नाक्याला देवी बसली होती, रस्ते बंद होते, नटूनथटून निघालेल्या बायकांची रीघ लागली होती. तो कोपरीहून चालत आला. स्वच्छ दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. हातात भेळेचे दोन पुडे.

"काल न भेटता गेलात."

"मी दिनदर्शिका बघितली."

त्याचा हात पुड्यावरच थांबला. "सगळी?"

"गुरुवारसकट."

कान लाल झाले त्याचे. मी मोठ्या उदार मनाने सांगून टाकलं, "काळजी करू नका. मी तुमची ओळ गाळलीय. कुठेच येणार नाही ते."

मला वाटलं, तो आभार मानेल. डोळ्यांत पाणीबिणी येईल. त्याने पुडा कठड्यावर ठेवला आणि म्हणाला, "मला न विचारता?"

"अहो, तुमची नोकरी..."

"माझी नोकरी. माझी ना? मग मला विचारायचं होतंस." तो पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत होता आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. "बेचाळीस प्रश्न विचारलेस तू मला. आईचं माहेर कुठलं, तेपण विचारलंस. हे एक विचारावंसं नाही वाटलं?"

"मी तुला वाचवत होते!"

"कशापासून? दर महिन्याला मी ते खोडतो, वल्लरी. नऊ वर्षं. रंगूबाईंचा नातू, मारुतीची पोरगी, सगळं रबराने पुसतो. मला वाटलेलं, एकदा कुठेतरी ते न पुसता राहील. तुझ्या पुस्तकात."

चौसष्ट माणसांना विचारून हा माणूस पाळ्या लावत होता, आणि त्या विचारण्यावर सिद्धांत मांडायला निघालेल्या मी त्यालाच विचारलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तलावात उडी मारावीशी वाटली. पण मग माझा राग उफाळून आला, कारण चूक काय माझी एकटीचीच होती?

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस! चार आठवडे माझं डोकं का फिरवलंस? शेठच्या भीतीने ना?"

"हो."

"की मी येत राहावं म्हणून?"

"...हो."

"दोनातलं खरं कुठलं?"

"दोन्ही." तो पाण्याकडे बघत होता. "नुसता शेठचा धाक असता, तर तुला गुपचूप सांगितलं असतं. दुसऱ्या गुरुवारपर्यंत तेवढा विश्वास बसलेला. आणि नुसती तू असतीस, तर लपवायची हिंमतच झाली नसती माझी. शेठचा बहाणा मिळाला, म्हणून झाली. दोन्ही एकत्र आलं, तिथे फसलो."

तीन वर्षं मी जे बावीस ओळींत शोधत होते, ते हा डिप्लोमा झालेला माणूस उभ्या उभ्या सांगत होता. त्याच्यावर ओरडावं की त्याचं वाक्य लिहून घ्यावं, मला ठरवता येईना. मी दोन्हीही केलं नाही. "मी घरी जाते," म्हटलं आणि निघाले. मागे वळून बघितलं तेव्हा तो तिथेच उभा होता.

शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. अण्णांनी दार उघडलं.

"नमस्कार काका. विश्राम घाडी. मॅडम आहेत का?"

"काय काम होतं?"

"एक सांगायचंय आणि एक विचारायचंय."

अण्णांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात प्रथमच स्वतःचं मत न देता म्हणाले, "गच्चीवर जा. इथे रंगाचं काम चाललंय." आमच्याकडे कसलंही रंगाचं काम चाललेलं नव्हतं.

गच्चीवर शेजाऱ्यांच्या चादरी वाळत होत्या. विश्राम टाकीला टेकून उभा राहिला, लगेच सरळ झाला, पुन्हा टेकला.

"काल तू गेलीस, आणि आज सकाळीच मी शेठकडे गेलो. दिनदर्शिका काढून त्यांच्या टेबलावर ठेवली."

"काय?"

"सगळं सांगितलं. पाळ्या कोण लावतं, कशा लावतं, किती वर्षं."

"मग? काय म्हणाले?"

"आधी एकेक चौकोन वाचत बसले. मला वाटायचं माझ्या शिस्तीने चाललंय, असं म्हणाले. मग म्हणाले, सोमवारी ये, बोलू." त्याने श्वास सोडला. "सोमवारी काय होईल, नाही माहीत. पण तू लिही. उद्याचा दिवस आहे तुझ्याकडे. हे सांगायचं होतं."

"मी सोमवारपर्यंत थांबते. त्यांचं उत्तर कळू दे."

"नको. उत्तर काहीही येवो, जे होतं ते होतंच ना? लिही."

मी मान हलवली. "माफ कर मला," मी म्हटलं. "विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," तो म्हणाला. अजिबात गोड बोलला नाही, आणि त्यामुळेच मला बरं वाटलं.

एक चादर वाऱ्याने त्याच्या तोंडावर आली, ती त्याने बाजूला केली.

"आणि विचारायचं काय होतं?"

"तेच आता..." तो अडखळला. चौसष्ट माणसांना दर महिन्याला विचारणारा माणूस, आणि एक प्रश्न तोंडातून निघेना. "मी तुला आवडतो का? हो किंवा नाही. पण नीट विचार करून सांग. सोमवारी माझी नोकरी असेल, नसेल. ते धरून सांग."

नाही म्हणायची कारणं माझ्याकडे ढीगभर होती. प्रबंध, वय, नोकरीचा पत्ता नाही, एकमेकांची धड ओळख नाही, चार आठवड्यांत कोण कोणाच्या प्रेमात पडतं? मी ती एकेक करून मनात उलटी करून बघितली. उलटी केल्याने त्यातून हो निघत नव्हतं. हो वेगळीकडेच होतं, पूर्ण तयार, कधीपासूनचं.

"नोकरी असली तर हो," मी म्हटलं.

त्याचा चेहरा एकदम उतरला. "आणि नसली तर?"

"नसली तरी हो. दोन्ही ओळींत हो. आमच्यात असं झालं, की ते कारण गाळून टाकतात. त्याने काही फरक पडत नाही, असा त्याचा अर्थ."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो हसला, आणि या वेळी दोन्ही बाजूंनी.

"गाळून टाकल्यावर मग उरतं काय?"

"तू," मी म्हटलं. खालून अण्णा चहासाठी हाका मारत होते, तिसऱ्यांदा.